फिडर सोलरवर गेला, पण गावाचा फायदा मोजायचा कसा?

आमचा शेतीचा फिडर, म्हणजे पंपांना वीज देणारी लाइन, सोलरवर गेला आन रात्रीची लाइन दिवसा भेटू लागली, तेव्हा ग्रामसभेत पहिलाच सवाल आला, बिल किती वाचलं? आन खरं उत्तर आहे शून्य. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल तसंही सरकारच भरून राहिलं, मग सोलरनं वाचलेला पैसा कास्तकाराच्या खिशात येणार कुठून, तो सरकारचा वाचतो. तेवढ्यावरच निम्म्या लोकांनी ठरवून टाकलं की आपल्याला याचा काही फायदा नाही. फायदा आहे भाऊ, फक्त तो बिलावर छापून येत नाही, हुडकावा लागतो. तुमच्याकडे सौर कृषी वाहिनी २.० चा, म्हणजे शेतीला दिवसा सोलरची वीज द्यायच्या सरकारी योजनेचा, प्लांट येत असेल तर हे वाचून घ्या, मी दोन रब्बी वहीत नोंदी केल्या त्यातलं सांगतो.

प्लांट चालू व्हायच्या आधी मोजायला बसा. मी इथंच फसलो. प्लांट सुरू झाल्यावर वही काढली आन लोकांना विचारत फिरलो की मागच्या वर्षी ओलितासाठी किती रात्री वावरात गेले, तर सगळे म्हणे "रोजच". रोज कसं असेल, तेव्हाही काही दिवस लाइन दिवसा राहायचीच ना. आठवणीवर हिशोब केला की जुना त्रास दुप्पट होतो आन फायदा फुगतो. निदान एक अख्खा रब्बी आधीचा पाहिजे.

दहा-पंधरा कास्तकार निवडा, पण सगळे डीपीजवळचे नको, लाइनच्या शेवटच्या खांबावरचे दोन-तीन घ्याच, कारण व्होल्टेजचं रडगाणं तिथंच असते. दर आठवड्याला एकच ओळ लिहायची. काही वेळा लाइन तरीही रात्रीच यायची, तेव्हाची माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: "मंगळवार, रात्री १२ ते ४, हरभरा, सोबत पोरगा, सकाळी शाळा नाही." शाळेचा रकाना मी केलाच नव्हता, तो आपोआप निघाला, मग पुढच्या आठवड्यापासून केला. मोटर किती वेळा जळाली, भरायला किती पैसे गेले, हेही विचारा. साप चावल्याच्या केसेस मोजायचा मोह होतो, पण एका गावात वर्षाला एक-दोन केस असतात, त्या कमी-जास्त झाल्या म्हणून सोलरला श्रेय देऊ नका.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. "रात्री वावरात जाणं बंद झालं" असं कोणी सांगितलं की लगेच लिहू नका. ओलीत दिवसा आलं तरी रोही (नीलगाय) आन रानडुकरं रात्रीच येतात, पिकाची जागली सुटत नाही. म्हणून ओलिताची रात्र वेगळी, जागलीची रात्र वेगळी लिहा. आमच्याकडे काही जणांची झोप कागदावर वाचली होती, प्रत्यक्षात माणूस मचानावरच.

बायकांना वेगळं विचारा, नवऱ्यासमोर नको. दिवसा लाइन आल्यावर पाणी ओलायचं काम बऱ्याच घरी बाईकडे सरकलं. माणसाची रात्र सुटली आन बाईचा दिवस भरला, मग हा फायदा की खर्च हे तीच सांगेल, आपण नाही.

रब्बीचा पेरा वाढला का हे ई-पीक पाहणीवरून, म्हणजे मोबाईलवर होणाऱ्या सरकारी पीक नोंदीवरून कळते. पण त्या वर्षी पाऊस चांगला झाला असेल तर हरभरा कुठंही वाढतो. त्यासाठी शेजारचं एक गाव धरा, जिथं पाऊस तेवढाच आन सोलर नाही. तिथंही तेवढाच पेरा वाढला असेल तर तुमच्या प्लांटचं त्यात काही नाही. तिथं दहा एकर आन तुमच्याकडे तीस एकर वाढला, तर वरचे वीस धरा, तेही गावं सारख्या आकाराची असतील तर.

धुराचा हिशोब सोपा आहे. ५ एचपी म्हणजे साधारण ३.७ किलोवॅट, चार तास चालला की १५ युनिट, आन आपल्या ग्रिडची एक युनिट म्हणजे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे पंपामागं दिवसाला दहा किलो. पण हा फायदा गावाच्या नावावर चढवू नका, कोळसा चंद्रपूर-कोराडीला जळतो, राख तिथल्या लोकांच्या अंगणात पडते, तर चांगल्या हवेचा मोठा वाटाही त्यांचाच. वेगळ्या पानावर लिहा.

खर्चाची बाजू लिहायला लोकं कंटाळतात. प्लांट ई-क्लासवर, म्हणजे गावच्या सरकारी चराई जमिनीवर, आला असेल तर किती ढोरं तिथं चरत होती, आता कुठं जातात? खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख वर्षाचं भाडं भेटते, पण तिथं राबणाऱ्या मजुराची रोजी गेली ती कोणत्या कागदावर आहे? आन विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी जानेवारी आन मे मध्ये मोजाच. वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात पाणी कसं खोल गेलं हे सगळ्यांना माहीत आहे, दिवसाची बिनपैशाची लाइन म्हणजे मोटर बंद करायचं कारणच उरत नाही.

शेवटी सगळं रुपयात बदलून एक मोठा आकडा काढायच्या भानगडीत पडू नका. रात्री रात्रीत मोजा, शाळेचे दिवस दिवसात, पाणी फुटात, आन प्रत्येकापुढं लिहा की हे कोणाला भेटलं आन कोणाकडून गेलं. वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवू नका, चक्कीवर ठेवा. पीठ दळून होईपर्यंत लोकं स्वतःच एकमेकांच्या खोट्या नोंदी खोडून काढतात.