दंडावरची लाल खरखर

दंडाच्या मागच्या बाजूला लालसर, खरखरीत पुरळ आणि बिनबाह्यांचा ब्लाउज घालायचा म्हटलं की पंचाईत. घासून ते जात नाही, उलट लाली वाढते. म्हणून वज्री, लूफा, जाडसर स्क्रब आधी बंद.

१. अंघोळ कोमट पाण्याने. दंडाला साबण कमीच.
२. टॉवेलने नुसतं टिपा आणि त्वचा ओलसर असतानाच १० टक्के युरिया किंवा १२ टक्के लॅक्टिक ॲसिडचं क्रीम लावा. खरी युक्ती हीच. कोरड्या दंडावर तेच क्रीम तितकं काम करत नाही.
३. रोज लावा, फरक दिसायला महिना-दीड महिना लागतो. सोडलं की खरखर परत येते.

वॅक्सिंगच्या दिवशी लावू नका, भयंकर चरचरतं. नायट्याची स्टेरॉइडवाली ट्यूब तर अजिबात नको. खाज किंवा गोल चट्टे असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.