हिवाळी भाजीपाल्याची तयारी : बियाणे सर्वांत शेवटी

मेथी, पालक, मुळा आणि कोथिंबीर यांच्या पेरणीला दसऱ्यानंतरची हवा चांगली मानवते. त्यामुळे गच्चीवर किंवा बाल्कनीत पहिल्यांदाच भाजी लावणाऱ्याने गणपतींचे विसर्जन होताच तयारीला लागावे, आणि बियाण्यांची पाकिटे मात्र सर्वांत शेवटी आणावीत.

पहिले काम ऊन मोजण्याचे. सुटीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाला जागेवर ऊन आहे की सावली, हे वहीत लिहून ठेवावे. पालेभाजीचे चार-पाच तासांच्या थेट उन्हावर भागते, टोमॅटो-वांग्याला किमान सहा तास लागतात. मात्र सप्टेंबरातली ही नोंद डिसेंबरात तशीच लागू पडत नाही, कारण पुण्यात जूनमध्ये भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असणारा सूर्य डिसेंबरच्या उत्तरार्धात दक्षिणेकडे कलून माध्यान्हीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर येतो. साहजिकच दक्षिणेकडच्या बाल्कनीत तेव्हा ऊन आतवर शिरते, उत्तरेकडची दिवसभर सावलीत राहते आणि शेजारच्या इमारतीची सावली आपल्या कुंड्यांपर्यंत पोहोचू शकते.

त्यानंतर वजनाचा विचार करावा. एक घनफूट ओली माती ४५ किलोंच्या आसपास भरते, म्हणून मोठ्या कुंड्या गच्चीच्या मधोमध न मांडता खाली तुळई किंवा भिंत असेल तेथे, विटांवर उचलून ठेवाव्यात. पालेभाजीला १५ ते २० सेंटिमीटर खोलीचा पसरट ट्रे पुरतो, टोमॅटोला ३० सेंटिमीटर खोली हवी. तळाला छिद्रे दोन्हींना हवीतच.

माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पूर्ण कुजलेले शेणखत समप्रमाणात घेऊन त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून कोकोपीट आधी दोनदा पाण्यातून धुऊन काढावे. शेणखत काळपट, भुसभुशीत आणि दुर्गंधी नसलेले असावे. ताज्या शेणाने मुळे करपतात आणि हुमणी ही मुळे खाणारी अळीही येते. हे मिश्रण पेरणीच्या पंधरा दिवस आधी भरून ओले ठेवल्यास त्यातले तण उगवून येते व उपटून टाकता येते.

दिवाळीत गावी गेल्यावर पाणी कोण घालणार, हेही आत्ताच ठरवावे. (कित्येक बागा येथेच संपतात.)

आता बियाणे. मेथीदाणे आणि धणे स्वयंपाकघरातलेच चालतात, फक्त धणे लाटण्याने हलकेच रगडून त्यांचे दोन भाग करावेत आणि रात्रभर भिजवावेत. मेथी चार दिवसांत वर येते. कोथिंबिरीला आठ ते बारा दिवस लागतात, तोवर माती उकरून पाहू नये. सगळी मेथी एकदम न पेरता दर दहा दिवसांनी एक ट्रे पेरावा. टोमॅटोची पहिल्या वर्षी दोनच रोपे, तीही रोपवाटिकेतून तयार आणावीत, आणि मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) दिसण्याआधीच कडुनिंबाच्या तेलाची छोटी बाटली घरात असू द्यावी.