लाकडी सांगाड्याची जुनी रोल्स-रॉइस: या चुका टाळा

रोल्स-रॉइसची २०/२५ ही १९२९ ते १९३६ या काळातली मोटार पाहताना तिच्या चकचकीत पत्र्याखाली लाकूड आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी कंपनी इंजिनासह फक्त चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा धातूचा सांगाडा, विकत असे आणि त्यावरची बॉडी ग्राहकाच्या पसंतीप्रमाणे बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड किंवा थ्रप अँड मेबरली यांच्यासारखे कोचबिल्डर बांधून देत. ॲश लाकडाचा सांगाडा जोडायचा आणि त्यावर बहुधा हाताने ठोकून घडवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा चढवायचा, अशी त्यांची रीत होती. अशी सुस्थितीत टिकलेली गाडी आजच्या गाडीसारखी दुरुस्त करायला घेतली की तिचे खरे नुकसान सुरू होते.

दार खाली उतरले आणि बंद करताना हाताने उचलावे लागले, की बिजागरीखाली पट्टी घालण्याचा किंवा जाड स्क्रू पिळण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. बिजागरी ज्या खांबात बसते त्याचा तळ आणि दाराखालचा आडवा ओंडका हे पाणी साचण्याचे नेमके ठिकाण असते, त्यामुळे आधी आतले अस्तर सोडवून तिथले लाकूड टोकदार अवजाराने दाबून पाहावे. टोक सहज आत गेले, तर दोष बिजागरीचा नसतो. कुजलेल्या, ओलसर लाकडावर इपॉक्सी ओतणे तर त्याहून वाईट, कारण ओल आत कोंडली जाते आणि शेजारचे चांगले लाकूडही हळूहळू पोखरले जाते. बिघडलेला तुकडा कोरड्या, निरोगी लाकडापर्यंत कापून तिथे नवा तुकडा मूळ सांध्याच्याच पद्धतीने बसवावा. आपल्याकडचा सुतार सागवान सुचवतो, आणि टिकाऊपणाच्या दृष्टीने त्याचे चुकत नाही. मात्र सागातल्या नैसर्गिक तेलामुळे सरस नीट धरत नाही आणि धक्के सोसण्याची, वाकण्याची जी क्षमता ॲशमध्ये आहे ती सागात तितकी नसते. वळणदार भागांसाठी तरी ॲशच मिळवावे, असे माझे मत आहे.

वेमन पद्धतीच्या बॉडीला हा नियमही पुरत नाही. तिच्यात लाकडाला लाकूड टेकू नये म्हणून सांध्यांत धातूच्या पट्ट्या असतात आणि वर पत्र्याऐवजी कापड ताणलेले असते. सांधे थोडे हलावेत हीच तिची रचना असल्याने फटी सरसाने बुजवल्या, तर बॉडी कुरकुरू लागते आणि कापड फाटते.

रंगाला फुगे आले की लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला जातो. ॲल्युमिनियम आणि पोलादी स्क्रू यांच्यामध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी तयार होते, आणि फुगा हे तिचेच चिन्ह असते. दोन धातू एकमेकांपासून अलग केल्याशिवाय कितीही रंग दिला तरी तो पुन्हा उठतो. लाकडावर बसलेल्या पत्र्याला वेल्डिंग करणे म्हणजे आतून सांगाडा जाळणे. मुंबईच्या किंवा कोकणाच्या पावसाळ्यात गाडी प्लॅस्टिकखाली झाकू नये, कारण त्याखाली वाफ धरते; सुती आवरण घालून गॅरेजमध्ये हवा खेळती ठेवावी.

इंजिनाच्या बाबतीत घाई महागात पडते. या इंजिनाच्या क्रँकशाफ्टमधल्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्यातल्या) पोकळ भागांत वर्षानुवर्षे गाळ साचतो. इंजिन उघडून ते भाग साफ न करता आधुनिक डिटर्जंटयुक्त तेल घातले, तर तो गाळ सुटून तेलाचे मार्ग तुंबू शकतात आणि बेअरिंग जाते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषून घेते आणि जुने रबर खराब करते, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी भरून ठेवू नये.

बंद छताची सलून कापून उघड्या छताची टूरर बनवण्याचा मोह अनेकांना होतो. दिखाऊपणा वाढतो, पण इतिहास जातो, आणि भारतात कायदाही आड येतो. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ मालिकेतील विंटेज नोंदणी मिळते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि तिची मुदत १० वर्षांची असते; रोजच्या वापरासाठी ही गाडी चालवता येत नाही.

ब्रेक कमी लागतात म्हणून लगेच लायनिंग (ब्रेकचे घासणारे अस्तर) बदलू नयेत. या गाडीचा ब्रेक-सर्व्हो, म्हणजे पायाच्या जोरात भर घालणारी यंत्रणा, गिअरबॉक्सवरून फिरतो, त्यामुळे गाडी उभी असताना किंवा अगदी सावकाश सरकताना त्याची मदत जवळजवळ मिळत नाही. तेव्हा पायाचा थेट जोर मागच्या चाकांपर्यंतच पोहोचतो. उतारावर, गर्दीत गाडी मागे घेताना हे लक्षात ठेवून हँडब्रेक हाताशी ठेवावा. मोकळ्या रस्त्यावर चांगल्या वेगातही पकड येत नसेल, तेव्हा मात्र सर्व्होच्या चकत्यांवर तेल गळते आहे का, हे आधी तपासावे.