सरकारी आरोग्य विम्याचा सर्व्हे करताय? या चुका टाळा

अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी असलेल्या मेडिकेड योजनेत सरकारदप्तरी जितकी माणसं असतात, तितकी घरोघरच्या सर्व्हेत सापडत नाहीत. हा फरक जुना आहे. लोक खोटं बोलतात असा निष्कर्ष काढण्याआधी आपली प्रश्नावली तपासा. दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे योजनेचं फक्त कायद्यातलं नाव विचारणं. मेडिकेडला कॅलिफोर्नियात मेडि-कॅल म्हणतात, टेनेसीत टेनकेअर. बऱ्याच राज्यांत योजना खासगी कंपन्यांमार्फत चालते, त्यामुळे कार्डावर कंपनीचंच नाव ठळक असतं. ते वाचून उत्तर देणाऱ्या बाई ‘खासगी विमा’ असं सांगतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर तर नावानेच घोटाळा करते. म्हणून त्या राज्यात रुळलेलं नाव प्रश्नात घाला आणि ‘कार्ड जवळ असेल तर बघून सांगा’ असं म्हणा. हप्ता कोण भरतं, हेही विचारा. सरकारी की खासगी याचा उलगडा त्यातून बराच होतो.

दुसरी चूक काळाची. ‘करंट पॉप्युलेशन सर्व्हे’ या अमेरिकी सरकारच्या घरोघरच्या सर्व्हेच्या वार्षिक पुरवणीत वसंताच्या सुमारास मागच्या पूर्ण कॅलेंडर वर्षाबद्दल विचारत. वर्षाच्या सुरुवातीलाच विमा सुटलेल्या माणसाला वर्षभरापूर्वीचं आठवावं लागे. बरेच जण आजची स्थिती सांगून मोकळे होत. 2014 साली क्रम बदलला: आधी ‘आज विमा आहे का’, मग ‘कधीपासून’. हाच क्रम ठेवा.

घरातल्या एकानेच सगळ्यांची उत्तरं दिली तर मुलांचं नीट कळतं, पण सोबत राहणाऱ्या दूरच्या नातेवाइकाचं निसटतं. प्रत्येकाचं नाव घेऊन विचारा. सगळ्याला ‘नाही’ म्हणणाऱ्याला थेट विनाविमा धरू नका. ‘म्हणजे कुठलाच विमा नाही ना?’ असं एकदा विचारा. त्या पुरवणीत हा खात्रीचा प्रश्न 2000 साली आला, तोवर उरलेले सगळे विनाविमाच मोजले जात.

आकडे जुळवताना घाई होते ती वेगळीच. मेडिकेड न सांगणारे सगळे विनाविमा नसतात. कित्येकांनी दुसराच विमा सांगितलेला असतो. योजनेचा प्रकार चुकणं आणि विमा असूनही नाही म्हणणं, या दोन चुका वेगवेगळ्या मोजा. सरकारी यादीही जशीच्या तशी घेऊ नका. वर्षात राज्य बदललेला माणूस दोन्ही याद्यांत असू शकतो. नर्सिंग होममधली माणसं यादीत असतात, घरोघरच्या सर्व्हेत नसतात.

मार्च 2020 ते मार्च 2023 या काळातल्या आकड्यांना तर विशेष जपा. कोविडमुळे केंद्राने राज्यांना लोकांची नावं काढण्यापासून जवळपास रोखलं होतं. नोकरी लागून दुसरा विमा मिळाला तरी जुनं नाव मेडिकेडच्या यादीत राही, आणि आपण अजून त्यात आहोत हे अनेकांच्या गावीही नसे. अशा माणसाने ‘मेडिकेड नाही’ म्हटलं, तर त्याला नोकरीतून मिळालेल्या विम्याचं उत्तर आधी पाहा.