स्टँप पेपर वाया न घालवता लिनक्सवर कसं यायचं

बार्शीत तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, एक स्कॅनर आणि ऐन उन्हाळ्यात बंद पडणारा पंखा. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वाटणीपत्राचे कच्चे मसुदे, लग्नसराईत पत्रिकांचा मजकूर, असं काम. दोन्ही कॉम्प्युटरवर गेली काही वर्षं विंडोजऐवजी लिनक्स मिंट चालतंय, म्हणजे लिनक्सचाच एक फुकट मिळणारा प्रकार. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी नेहमीची अपडेट, संपला, आणि आमच्या दुकानांतल्या जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही, तेव्हापासून शेजारपाजारचे दुकानदार विचारायला येतात. तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहूनच काढते.

पहिली गोष्ट: लगेच बसवू नका. आठ जीबीचा पेनड्राईव्ह घ्या, मिंटच्या साईटवरून एक्सएफसीई नावाची आवृत्ती उतरवा आणि रूफस किंवा एचर ही फुकट सॉफ्टवेअर वापरून ती पेनड्राईव्हवर चढवा. त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा पोरांचे फोटो असलेला पेनड्राईव्ह घेऊ नका. मिंटच्या तीन आवृत्त्यांत एक्सएफसीई सगळ्यांत हलकी. माझं एक मशीन २०१४ चं आहे, चार जीबी रॅमचं, त्यावर ती निवांत चालते. मिंटवाले दोन जीबीतही चालेल म्हणतात, पण ब्राउझरमध्ये सातबारा, आठ-अ आणि वर व्हॉट्सॲप उघडलं की दोन जीबी पुरत नाहीत.

मशीन चालू करतानाच डेल किंवा लेनोव्हो असेल तर एफ-१२ दाबत राहा, एचपी असेल तर एस्केप आणि मग एफ-९. यादीतून पेनड्राईव्ह निवडला की मिंट सुरू होतं आणि हार्ड डिस्कला हातही लागत नाही. मशीन बंद केलं की यात केलेलं सगळं पुसलं जातं, म्हणून टाइप केलेलं दुसऱ्या पेनड्राईव्हवर ठेवा. असं चार दिवस, दुपारी गर्दी नसताना, आपलं रोजचं काम करून बघा. यूट्यूब लावून बघण्यात अर्थ नाही, ते सगळीकडे चालतं. काल ज्याचं प्रतिज्ञापत्र केलं तेच पुन्हा टाइप करा, प्रिंट काढा, स्कॅन करा.

वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका. काही जुन्या लॅपटॉपच्या वायफाय चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळा घ्यावा लागतो आणि तो घ्यायला इंटरनेट लागतं, असा तिढा असतो. मोबाईल चार्जिंगच्या वायरने जोडा, मोबाईलमध्ये यूएसबी टिदरिंग चालू करा, इंटरनेट सुरू होतं. मग मिंटमधल्या ड्रायव्हर मॅनेजरला बाकीचं करू द्या.

आता मराठी. लोक इथेच अडतात आणि दोष लिनक्सला देतात.

मी टायपिंग शिकले मॅन्युअल मशीनवर, मराठी तीस आणि चाळीस शब्द मिनिटाला. बोटं रेमिंग्टनची, म्हणजे त्या मशीनच्या अक्षरमांडणीची. इनस्क्रिप्टवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या सरकारी देवनागरी कीबोर्ड मांडणीवर, यायला मला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत वकीलसाहेब समोर बसून घड्याळ बघायचे. पण नवा मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल असा, करायचा हे एकदा ठरवलं की इनस्क्रिप्टला तोड नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बरीचशी व्यंजनं. एक्सएफसीईत सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडा, लेआउटच्या पानावर जा, 'यूज सिस्टिम डिफॉल्ट्स' बंद करा, मग 'ॲड' दाबून 'इंडियन' निवडा. भाषा बदलायला मी कॅप्स लॉक ठेवलंय. नाहीतरी त्या बटणाचा कुणाला काय उपयोग?

ज्यांचा हात इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहायला बसलाय त्यांनी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन नावाचं टायपिंगचं साधन घ्यावं. त्याच्या यादीत मराठीखाली गमभन ही जुनी टायपिंगची पद्धतही आहे, जुन्या लोकांना आठवेल.

इनस्क्रिप्टवर माझ्याकडे कामाला असलेल्या पोरीला पहिल्या दिवशी मी एकच शब्द पन्नास वेळा टाइप करायला लावला: शेतकऱ्यांच्या. यातला ऱ्य साध्या र ने होत नाही. शिफ्ट धरून जे दाबा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ येतो, मग डी म्हणजे पायमोड, मग स्लॅश म्हणजे य. शिफ्ट विसरलात तर र्य होतो. आचाऱ्यांना जेवणाचे पैसे द्यायचेत आणि पत्र गेलं आचार्यांना! ळ शिफ्ट-एनवर, ण शिफ्ट-सीवर, पोटफोड्या ष शिफ्ट धरून स्वल्पविरामावर. आकडे मराठीत येतात, गट नंबरला बरं पडतं, पण आधार नंबर इंग्रजीत हवा असतो, तेवढ्यापुरतं कॅप्स लॉक.

एक खोट आहे. शिफ्ट-१ ने जो ऍ येतो तो हिंदी धाटणीचा, ए वर चंद्र. आपल्याला अ वर चंद्र हवा. लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) टूल्स, मग ऑटोकरेक्ट ऑप्शन्स उघडून मी चार शब्द कायमचे घालून ठेवलेत: ॲडव्होकेट, ॲफिडेव्हिट, ॲक्ट, ॲग्रीमेंट. चुकीचं टाइप केलं तरी स्पेस दाबताच सुधारतं. आमच्या धंद्यात पाचवा शब्द फारसा लागत नाही.

लिबरऑफिस मिंटबरोबरच येतं. त्यात आधी टूल्स, ऑप्शन्स, भाषेचा भाग, तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ला टिक करा आणि मराठी निवडा. लिबरऑफिस इंग्रजीचा फाँट आणि देवनागरीचा फाँट वेगवेगळे सांभाळतं, आकारसुद्धा वेगवेगळा. म्हणजे इंग्रजीचा आकार चौदा केला म्हणून मराठीचा चौदा होत नाही. मी दोन दिवस डोकं आपटलं. उपाय असा: एफ-११ दाबून स्टाईल्स उघडा, 'डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाईल'वर उजवं क्लिक, एडिट, फाँटच्या पानावर सीटीएल (म्हणजे तेच कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) लिहिलेल्या भागात मराठीचा फाँट आणि आकार ठेवा. ही कोरी फाईल टेम्प्लेट म्हणून जपून ठेवा आणि रोज तिथूनच सुरुवात करा.

फाँट कुठला? मी मुक्ता वापरते, मुंबईच्या एक टाइपचा, फुकट आणि मुक्त परवान्याचा. लोहित देवनागरी आणि नोटोही चांगले. लोहित रेड हॅटवाल्यांनी काढला, आणि लोहित म्हणजे लाल, हे मला उशिरा कळलं. फाँटची फाईल उघडून इन्स्टॉल दाबलं की बसतो, पण लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय यादीत दिसत नाही.

खरं दुखणं जुन्या फायलींचं. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असल्या फाँटमधला मजकूर मुळात इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. फाँट नसला की खरेदीखताच्या जागी डॉलरच्या खुणा आणि उलटे कंस दिसतात. तुमच्याकडे त्या फाँटचा परवाना असेल तर तो लिनक्सवर बसवा, फाईल निदान वाचता आणि छापता येते. अकरा वर्षांचं सगळं एकदम युनिकोडमध्ये बदलायच्या फंदात पडू नका. गिऱ्हाईक परत आलं की तेवढीच फाईल कन्व्हर्टरमधून काढा, आणि काढल्यावर ओळीवर बोट ठेवून वाचा. पहिली वेलांटी एक घर पुढेमागे सरकते, रफार भलत्या अक्षरावर बसतो. एकदा माझ्याकडून एका कुऱ्हाडे आडनावाचं कुर्हाडे होऊन छापलं गेलं. आजोबा खिडकीतून म्हणाले, "ताई, आमचं आडनाव मोडलंस गं." नावं, गट नंबर आणि रकमा, या तीन गोष्टी आता मी मोठ्याने वाचून घेते.

प्रिंटरची खात्री पेनड्राईव्हवर असतानाच करा. नवे नेटवर्कचे प्रिंटर बहुतेक आपोआप सापडतात, एचपीसाठी एचपीलिप हा ड्रायव्हर असतोच. माझा आधीचा प्रिंटर मात्र काही केल्या चालला नाही. त्याच्या कंपनीचा लिनक्सचा ड्रायव्हर जुनाट होता. शेवटी मी तो विकला आणि दुसरा घेतला. तुमचा प्रिंटर चालत नसेल आणि नवा घ्यायची ऐपत आत्ता नसेल, तर इथेच थांबा. मशीन विंडोजवर ठेवा, मला वाईट वाटणार नाही.

चालला, तर त्याचं डिफॉल्ट पान बघा. बऱ्याचदा ते अमेरिकी लेटर असतं, आपल्याला ए-फोर किंवा लीगल हवं. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये एकदा आणि लिबरऑफिसच्या पेज स्टाईलमध्ये एकदा, दोन्हीकडे एकच ठेवा, आणि 'पानात बसवा' छापाचा पर्याय दिसला तर काढून टाका. ऑक्टोबर २०२४ पासून आपल्याकडे शंभर-दोनशेच्या जागी पाचशेचा स्टँप झालाय, एक ओळ घसरली की पाचशे गेले आणि गिऱ्हाईकही गेलं. म्हणून मी पहिली प्रत साध्या लीगल कागदावर काढते, ती स्टँपवर बरोबर ठेवून दाराच्या उजेडात धरते. वरचं चित्र कुठे संपतं, आपली पहिली ओळ कुठे सुरू होते, आरपार दिसतं. मगच स्टँप ट्रेमध्ये.

चार दिवसांत हे सगळं जमलं तर बसवा. शक्य असेल तर आधी जुनी फिरती हार्ड डिस्क बदलून एसएसडी टाका, तेवढ्यानेच अर्धी तक्रार मिटते. बसवताना डिस्क पुसायची का असं विचारलं जातं. माझ्या मशीनमध्ये दोन डिस्क होत्या, नवी २४० जीबीची आणि जुनी ५०० ची, सगळा मसुदा जुन्यावर. समोर उभ्या माणसाशी बोलता बोलता मी जुनी निवडली. बॅकअप दिवाळीचा होता आणि हे घडलं संक्रांतीनंतर. मधले अडीच महिने गेले ते गेले. आता दुसरं मशीन करायला घेतलं की आधी झाकण उघडते आणि जुन्या डिस्कची केबलच उपटून बाजूला ठेवते.

बसवून झाल्यावर टाइमशिफ्ट चालू करा, ते सिस्टिमची प्रत काढून ठेवतं. आठवड्याला एक प्रत, शेवटच्या तीन ठेवायच्या. अपडेटने काही बिघडलं तर परत मागे जाता येतं. पण टाइमशिफ्ट सिस्टिम सांभाळतं, तुमच्या फायली नाही. त्या रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी वेगळ्या डिस्कवर. अपडेटची ढाल कोपऱ्यात दिसते, ती रविवारी दाबा. दहावी-बारावीच्या निकालानंतर दाखल्यांची रांग लागलेली असताना नको.

गिऱ्हाइकाच्या पेनड्राईव्हचा एक फायदा मी धरला नव्हता. शॉर्टकट व्हायरस लागलेल्या पेनड्राईव्हमध्ये खरी फोल्डरं लपवलेली असतात आणि वर नुसते शॉर्टकट दिसतात. लिनक्स ती लपवाछपवी मानत नाही, सगळं सरळ दिसतं. एक पोरगा कॉलेजचा प्रोजेक्ट गेला म्हणून रडकुंडीला आलेला, त्याला इथेच फोल्डर उघडून दाखवलं. मात्र व्हायरस जात नाही, तसाच त्या पेनड्राईव्हवर राहतो. तेव्हा कामाच्या फायली तेवढ्या त्याच्या मेलवर पाठवायच्या आणि पेनड्राईव्ह फॉरमॅट कर म्हणायचं.

काय होत नाही तेही सांगते. हिशेबाचं टॅली विंडोजचंच. डिजिटल सहीच्या टोकनचं प्रत्येकाचं वेगळं, ज्याच्याकडून घेतलंय त्याला 'लिनक्सवर चालतं का' असं आधीच विचारा. सहीची कामं मी घेत नाही, ती शेजारच्या दुकानदाराकडे पाठवते, आणि तो स्कॅनिंगची माझ्याकडे पाठवतो.

टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, मला महिन्यातून एकदा लागतं, प्रिंटची रांग तुंबली की. इंग्रजीत कॅन्सल, जागा सोडून वजाचं चिन्ह, त्याला चिकटून ए (सगळं लहान अक्षरांत), आणि एंटर. रांगेतलं सगळं रद्द होतं. पुठ्ठ्यावर मार्करने लिहून मॉनिटरच्या खाली चिकटवलंय, म्हणजे मी जेवायला गेले तरी पोरीला फोन करावा लागत नाही.