ख्रिस्ती धर्म आणि युद्ध : लिहिताना या चुका टाळा

चर्चच्या इतिहासावरचे निबंध तपासताना एक वाक्य हमखास भेटतं : ‘इ.स. ३१२पर्यंत ख्रिस्ती लोक अहिंसक होते, मग रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने त्यांच्या हाती तलवार दिली.’ एका हुशार मुलाने तर अख्खा प्रबंध याच पायावर उभा केला होता. आधाराला सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती लेखक टर्टुलियन : येशूचा शिष्य पेत्र, त्याला निःशस्त्र करून प्रभूने प्रत्येक सैनिकाला निःशस्त्र केलं. मी त्याला मॅक्सिमिलियनच्या खटल्याची नोंद वाचायला दिली. उत्तर आफ्रिकेतल्या थेवेस्ट इथे २९५ साली सैन्यभरती नाकारली म्हणून या एकवीस वर्षांच्या तरुणाचा शिरच्छेद झाला. पण त्याच खटल्यात अधिकारी त्याला सांगतो, सम्राटांच्या रक्षकदलात ख्रिस्ती सैनिक आहेत. मॅक्सिमिलियन ते खोडून काढत नाही; त्यांचं त्यांना ठाऊक, एवढंच म्हणतो. प्रबंधाचा पाया तिथेच ढासळला. मुलाने तो नव्याने लिहिला, आणि फार चांगला लिहिला.

३१२नंतरही युद्धात माणूस मारल्याचा सल ख्रिस्ती मनातून गेला नाही. चौथ्या शतकात बिशप बेसिल सुचवतो, युद्धात मारणाऱ्यांनी तीन वर्षं ख्रिस्तप्रसाद (चर्चमधली पवित्र भाकर आणि द्राक्षरस) घेऊ नये. १०६६च्या इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर तर जिंकलेल्या नॉर्मन सैनिकांना बिशपांनी प्रायश्चित्त लावलं : ठार केलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. मग १०९५मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे पोप दुसरा अर्बन जेरुसलेमची मोहीम, म्हणजे पहिलं क्रुसेड, हेच प्रायश्चित्त ठरवतो. जे केल्याबद्दल पापक्षालन करायचं, तेच पापक्षालन झालं! माझ्या मते खरं वळण हे आहे, आणि निबंधांत त्याला जेमतेम एक ओळ मिळते.

न्याय्य युद्धाच्या, म्हणजे युद्ध धर्माला कधी मान्य ठरतं याच्या, तीन अटींची यादी बिशप आणि धर्मचिंतक ऑगस्टीनच्या नावावर खपवू नका. त्याचे विचार पत्रांत आणि ग्रंथांत विखुरलेले आहेत. ते तीन अटींत बांधले तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने. सारांश वाचून लिहिणारे इथे लगेच पकडले जातात.

‘चर्च म्हणतं’ असं मोघम लिहू नका. १५२७च्या श्लाइटहाइम कबुलीत, म्हणजे श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, अ‍ॅनाबॅप्टिस्ट या सुधारणावादी पंथाने तलवार नाकारली. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर त्याच काळात सैनिकाचा पेशा धर्माला धरून आहे असं सांगत होता.

मी प्रत्येक विधानाशेजारी समासात पेन्सिलीने साल आणि माणूस लिहिते. दोन्ही सापडलं नाही, तर विधान काढते. वेळ लागतो, लागू द्यावा.

आणि आधुनिक पोपांनी न्याय्य युद्ध मोडीत काढलं, असं ठोकून देऊ नका. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात न्याय्य युद्धाच्या अटी आहेत. २०२०मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांचा आधार घेणं आज फार कठीण असल्याचं लिहिलं.