आधी फोन, मग गाणं : लंडनच्या आफ्रिकन कम्युनिटी रेडिओवर एक तास कसा चालवायचा

शिकायला लंडनला निघालेली गोव्याची पोरं हल्ली विचारतात, "ताई, तिथे रेडिओवर काही करता येईल?" पगाराचं काम मिळणं कठीण. पण पेकहॅम, टॉटनहॅमसारख्या भागांत नायजेरिया-घानाच्या लोकांची मोठी वस्ती आहे, आणि अशा वस्त्यांसाठी चालणाऱ्या छोट्या रेडिओंना माणसं कायम कमीच पडतात. मी म्हापशाची. लंडनला असताना नोकरी सांभाळून शनिवारी अशाच एका स्टुडिओत फोन घ्यायला बसायचे. त्यावरून सांगते.

अख्ख्या 'आफ्रिके'साठी कार्यक्रम करायला जाऊ नका. तिथे पन्नासहून जास्त देश आहेत. घानाची राजधानी अक्रा, तिथल्या माणसाला तासभर काँगोची गाणी ऐकवणं म्हणजे पेडण्याच्या माणसाला आपला म्हणून भांगडा ऐकवणं. एक तास, एक भाषा ठरवा : त्वी, योरुबा, पिजिन, जी असेल ती. ती भाषा येणारं माणूस माईकसमोर हवंच, आणि ती कळणारं दुसरं माणूस काचेपलीकडे, यंत्रं सांभाळणाऱ्यांच्या खोलीतही हवं. हवेत, म्हणजे रेडिओवरून, काय गेलं याचा जाब स्टेशनलाच द्यावा लागतो. ब्रिटनच्या नियमाने प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग ४२ दिवस जपून ठेवावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

पाहुणा नायजेरिया-घानातून फोनवर घेणार असाल तर घड्याळ आधी बघा. उन्हाळ्यात लंडन आणि नायजेरियातल्या लेगॉसची वेळ एकच, हिवाळ्यात लेगॉस तासभर पुढे. अक्राचं उलट : हिवाळ्यात लंडनबरोबर, उन्हाळ्यात तासभर मागे. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लंडनची घड्याळं बदलतात, तेव्हा हमखास गोंधळ होतो. ६ मार्च हा घानाचा आणि १ ऑक्टोबर हा नायजेरियाचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी फोनला उसंत नसते, म्हणून दोघांना फोनवर बसवा.

आता खरं काम, निधनाच्या सूचना. घानात अंत्यविधी बहुधा शनिवारी, पुष्कळदा मृत्यूनंतर काही आठवड्यांनी होतो, आणि रेडिओवर तो जाहीर करायची तिथे रीतच आहे. लंडनमधले नातेवाईकही तीच अपेक्षा ठेवून फोन करतात. मजकूर लेखी मागवा. तेवढ्याने भागत नाही. फोन करणाऱ्यालाच सगळी नावं सावकाश म्हणायला सांगा, ती रेकॉर्ड करा आणि प्रक्षेपणाआधी हेडफोन लावून दोनदा ऐका. नातेवाइकांचा क्रम घरच्यांनी दिला असेल तसाच ठेवा, तुमच्या सोयीने काका वर नि मामा खाली करू नका. हॉलचा पत्ता आणि वेळ शेवटी पुन्हा वाचा, कारण कागद-पेन शोधेपर्यंत पहिलं वाचन निघून गेलेलं असतं. घरातल्या दुसऱ्या कुणालातरी फोन करून खात्री केल्याशिवाय एकही सूचना वाचू नका. गाणं चुकीचं लागलं तर लोक हसतात. इथे चुकलात तर ते घर तुमचं स्टेशन पुन्हा लावणार नाही.

फोन हवेत जोडण्याआधी एकच वाक्य : "तुमचा रेडिओ बंद करा." नाहीतर त्यांच्या घरातला आवाज फोनमधून परत येतो आणि घुमायला लागतो. फोन मध्येच तुटेल हे धरून चाला, एक हायलाइफ (घाना-नायजेरियाकडचं नाचाचं संगीत) गाणं तयार ठेवा आणि फेडरवरून, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावरून, बोट हलवू नका.

व्हिसाचे प्रश्न येणारच. स्वतः उत्तर देऊ नका, कितीही माहीत असलं तरी. नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं १९९९ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. महिन्यातून एकदा नोंदणीकृत सल्लागार बोलवा आणि प्रश्न तोवर लिहून ठेवा. मदतनिधीचं आवाहनही तसंच, पैसे कुणाच्या खात्यात जाणार हे कळल्याशिवाय नको.

गोव्यात असा कार्यक्रम करायचा म्हणाल, तर सरकारी धोरणाने संस्थांना कम्युनिटी रेडिओचा परवाना मिळू शकतो, एकट्यादुकट्याला नाही. प्रक्षेपणाची ताकद साधारण १०० वॉटपर्यंत, निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक, आणि बातम्या फक्त आकाशवाणीच्या, त्याही जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत भाषांतर करून. तेव्हा परवान्याच्या मागे न लागता चालू असलेल्या एखाद्या स्टेशनकडे आठवड्याचा अर्धा तास मागा. जाताना रेकॉर्ड केलेला एक भाग पेन ड्राइव्हवर न्या. नुसता अर्ज टेबलावरच पडून राहतो.